पाणी सोडलं आणि ‘वर’ पाणी सोडलं

गिरगावातल्या एखाद्या चाळीत पहाटे ‘पाणी सोडलं!’ अशी हाक आली की बादल्या, कळशा, पिंपं नळाखाली लागतात. त्याच चाळीत संध्याकाळी कुणी म्हणालं, ‘त्याने शेवटी डिपॉझिटवर पाणी सोडलं,’ की ऐकणारे हळहळतात. क्रियापद तेच, पाणीही तेच. पहिल्या वाक्यात काहीतरी घरात आलं, दुसऱ्यात हातचं गेलं. हा सगळा उलटफेर ‘वर’ या दोन अक्षरांनी केलेला आहे.

शाळेच्या पुस्तकात ‘पाणी सोडणे : आशा किंवा हक्क सोडून देणे’ असा अर्थ दिलेला असतो आणि वाक्यात उपयोग करा म्हणून मुलांना सोडून दिलेलं असतं. अर्थ बरोबर आहे. पण पाणीच का, आणि ते वस्तू‘वर’च का, हे सांगितलं नाही तर हा वाक्प्रचार पुढे चुकीच्या जागी पडतो. वर्तमानपत्रांत आणि व्हॉट्सअॅपवर तो रोज पडताना दिसतो.

उत्तर दानाच्या विधीत आहे. दान देणारा पूर्वेकडे तोंड करून बसतो, घेणारा उत्तरेकडे. आचमन होतं, मग देश आणि काळ यांचा उच्चार होतो : भरतखंडे, दंडकारण्ये देशे, शालिवाहन शके, संवत्सर, अयन, ऋतू, मास, पक्ष, तिथी, वार. दाता स्वतःचं नाव आणि गोत्र सांगतो, घेणाऱ्याचंही सांगतो. काय देतोय ते सांगतो. ‘तुभ्यमहं संप्रददे’, म्हणजे हे मी तुला देतो. मग ‘न मम’, माझं नाही. आणि हे म्हणताना दर्भ, तीळ किंवा अक्षता यांच्यासह हातातलं पाणी बोटांच्या टोकांवरून त्या वस्तूवर किंवा घेणाऱ्याच्या हातावर सोडतो. पाणी पडलं की मालकी बदलली. त्याच्या आधी नुसतं बोलणं होतं.

वस्तू लहान असेल तर ती उचलून हातात देता येते. गाव, शेत, घर, गाय हातात ठेवता येत नाही. तिथे पाणीच त्या वस्तूच्या वतीने एका हातातून दुसऱ्या हातात जातं. शिवाय ओतलेलं पाणी पुन्हा ओंजळीत गोळा करता येत नाही. समोर बसलेल्या सगळ्यांना ते पडताना दिसतं. कागद नसलेल्या काळात याहून चांगली साक्ष मिळणं कठीण होतं.

प्रथा किती जुनी आहे? भारहुतच्या बौद्ध स्तूपाच्या शिल्पांत, म्हणजे इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकाच्या सुमाराला, अनाथपिंडक या धनिक व्यापाऱ्याने जेतवन नावाचं उपवन बुद्धाला दिल्याचा प्रसंग कोरलेला आहे. उपवनाची किंमत म्हणून जमिनीवर नाणी पसरली जात आहेत, बैलगाडी सोडलेली आहे, आणि मधोमध अनाथपिंडक हातात तोटीचं पात्र धरून उभा आहे. ते पात्र काढून टाकलं तर चित्रात फक्त खरेदी उरेल, दान दिसणार नाही. पुढे राष्ट्रकूटांच्या ताम्रपटांत गाव दान दिल्याची नोंद करताना ‘उदकातिसर्गेण’ असा शब्द येतो. उदक म्हणजे पाणी, अतिसर्ग म्हणजे सोडणं. तांब्यावर कोरलेलं ‘पाणी सोडून’च ते. मराठीत ‘उदक सोडणे’ आणि ‘पाणी सोडणे’ हे दोन्ही वापरात राहिले. उदक जरा पोथीतलं वाटतं, पाणी घरातलं.

याच विधीने मराठीला आणखी एक शब्द दिला, आणि दोघांचं नातं फार कुणाच्या लक्षात येत नाही. बळीराजा वामनाला तीन पावलं जमीन द्यायला निघाला आणि पाणी सोडायला झारी हातात घेतली. शुक्राचार्यांना धोका कळला. ते लहान रूप घेऊन झारीच्या तोटीत जाऊन बसले. पाणी पडलं नाही तर दान पूर्ण होणार नाही, हा त्यांचा हिशेब अगदी कायदेशीर होता. वामनाने दर्भाची काडी तोटीत घातली, शुक्राचार्यांचा एक डोळा गेला आणि पाणी पडलं. मंजूर झालेला निधी किंवा लोकांच्या हक्काची सवलत मधल्यामध्ये अडवून ठेवणाऱ्याला मराठी पत्रकार आजही ‘झारीतले शुक्राचार्य’ म्हणतात. मंत्रालयाच्या बातम्यांत हा शब्द नियमित भेटतो. त्याचा नेमका अर्थ हा की देणाऱ्याने द्यायचं ठरवलंय, घेणारा हात पुढे करून उभा आहे, आणि अडथळा तोटीत आहे. म्हणून मुळात निर्णयच न घेणाऱ्या बड्या अधिकाऱ्याला झारीतला शुक्राचार्य म्हणणं चूक. त्याने झारी अजून उचललेलीच नाही.

आता क्रियापदाकडे. ‘सोडणे’ आणि हिंदीतलं ‘छोड़ना’ हे भाऊ आहेत. प्राकृतातल्या ‘छ’चा मराठीत बऱ्याच ठिकाणी ‘स’ झाला : मछली आणि मासळी, पूछना आणि पुसणे, छुरी आणि सुरी, छह आणि सहा, छाँव आणि सावली. त्याच रांगेत छोड़ना आणि सोडणे. मुंबईत एकाच वाक्यात ‘छोड ना यार’ आणि ‘सोड रे’ दोन्ही ऐकू येतात, तेव्हा एकच शब्द दोन वाटांनी येऊन भेटलेला असतो.

मराठीच्या आत या शब्दाची जोडी आहे ती ‘सुटणे’शी. तुटणे–तोडणे, फुटणे–फोडणे, सुटणे–सोडणे. पहिलं आपोआप होतं, दुसरं कुणीतरी करतं. ‘ट’चा ‘ड’ आणि ‘उ’चा ‘ओ’ झाला की वाक्यात कर्ता येतो आणि त्याच्यासोबत जबाबदारी येते.

मुंबईकर हा फरक दिवसातून दहा वेळा अचूक पाळतो. दादरला उभं राहून ऐकावं. ‘गाडी सुटली’ म्हणजे गाडी निघाली. ‘गाडी चुकली’ म्हणजे मला उशीर झाला. ‘गाडी सोडली’ म्हणजे गाडी समोर होती, चढता आलं असतं, पण गर्दी बघून मी मुद्दाम गेलो नाही. ‘विरार सोडली, बोरिवली पकडली’ या वाक्यात हार नाही, निवड आहे. मैदानावरही तसंच. ‘कॅच सुटला’ म्हणणारा क्षेत्ररक्षकाला सांभाळून घेतो, ‘कॅच सोडला’ म्हणणारा त्याला दोष देतो. आणि फलंदाजाने ऑफस्टंपबाहेरचा ‘चेंडू सोडला’ ही शाबासकी असते. मुंबईच्या मैदानांवर मुलांना फटक्यांइतकंच चेंडू सोडणं शिकवलं जातं : ऑफस्टंप कुठे आहे ते माहीत हवं, बॅट आणि हात चेंडूच्या रेषेतून वेळेत बाजूला हवेत, नजर शेवटपर्यंत चेंडूवर हवी. न जमल्यामुळे चेंडू बॅटला लागला नाही तर त्याला कुणी ‘सोडला’ म्हणत नाही. तो ‘हुकला’.

म्हणजे ‘सोडणे’ला दोन गोष्टी लागतात. वस्तू हातात किंवा हाताच्या पल्ल्यात असावी, आणि ती जाऊ देण्याचा निर्णय आपला असावा. माझ्या मते हा शब्द समजून घ्यायची किल्ली हीच आहे.

उपासाचं उदाहरण घ्या. संकष्टीला चंद्रोदय झाला, नैवेद्य दाखवला, मग पान वाढलं : ‘उपास सोडला.’ दुपारी चुकून कुणी पोळी खाल्ली : ‘उपास मोडला.’ खाणं दोन्हीकडे आहे. पण ‘सोडणे’ म्हणजे ठरलेल्या वेळी, ठरलेल्या रीतीने त्यातून बाहेर येणं, आणि ‘मोडणे’ म्हणजे अर्ध्यात भंग. हिंदीच्या सवयीने हल्ली ‘उपास तोडला’ असंही कानावर येतं. मराठीत ते नको. ज्या भाषेने सोडणे आणि मोडणे इतकं स्वच्छ वेगळं ठेवलंय तिथे तिसऱ्या शब्दाची गरज नाही.

‘संकल्प सोडणे’ याहून गंमतीचा आहे. पूजेला बसल्यावर गुरुजी ‘करिष्ये’ म्हणून थांबतात आणि सांगतात, ‘पाणी सोडा.’ यजमान उजव्या तळहातावर अक्षता घेऊन पळीभर पाणी ताम्हनात सोडतो. गणेश चतुर्थीला घरोघरी हे होतं. इथे पाणी सोडल्याने काही जात नाही, उलट जबाबदारी अंगावर येते. म्हणून ‘अमुक यांनी संस्था उभारण्याचा संकल्प सोडला’ या वाक्याचा खरा अर्थ त्यांनी निश्चय जाहीर केला असा आहे. ताम्हन न पाहिलेला वाचक मात्र त्यांनी विचार रद्द केला असं समजतो. लिहिणाऱ्याला शंका असेल तर ‘संकल्प केला’ लिहावं. आणि संकल्प टाकून दिला असं सांगायचं असेल तर ‘संकल्प सोडून दिला’. ‘देणे’ हे सहायक क्रियापद जोडलं की वस्तू आपल्यापासून दूर गेल्याचा भाव पक्का होतो. ‘नोकरी सोडली’ ही माहिती झाली. ‘नोकरी सोडून दिली’ यात मागे वळून न बघणं आलं.

‘पाणी सोडणे’ची भावंडं आहेत ती कधी कधी एकमेकांच्या जागी वापरली जातात, आणि तिथे अर्थाचं वजन घसरतं.

‘तिलांजली देणे’ दानाच्या विधीतून आलेलं नाही, तर्पणातून आलंय. तीळ अधिक अंजली. तर्पण करणारा दक्षिणेकडे तोंड करतो, जानवं अपसव्य म्हणजे उजव्या खांद्यावर घेतो, आणि काळ्या तिळांचं पाणी अंगठा आणि तर्जनी यांच्या मधल्या जागेतून सोडतो. त्या जागेला पितृतीर्थ म्हणतात. बोटांची टोकं हे देवतीर्थ, करंगळीचं मूळ हे प्राजापत्य, अंगठ्याचं मूळ हे ब्राह्म. पाणी हाताच्या कुठल्या कडेवरून पडतं यावरून ते कुणाला पोचतं हे ठरतं. देवाचं आणि दानाचं पाणी पुढून जातं, पितरांचं बाजूने. भाद्रपदात, विशेषतः सर्वपित्री अमावास्येला, वाळकेश्वरच्या बाणगंगेच्या पायऱ्यांवर हे बघायला मिळतं. तेव्हा ‘तिलांजली दिली’ म्हणजे ती गोष्ट आपल्यापुरती मेली. तत्त्वांना, व्यसनाला, मैत्रीला, शिस्तीला तिलांजली देतात. पैशाला देत नाहीत. ‘त्याने पाच हजारांना तिलांजली दिली’ हे कानाला खटकतं ते त्यामुळेच. पैसा मरत नाही, दुसऱ्याकडे जातो. तिथे पाणीच सोडायचं. आणि विभक्ती बघा : तिलांजली मृताला द्यायची, म्हणून ‘ला’. पाणी वस्तूवर सोडायचं, म्हणून ‘वर’. ‘तत्त्वांवर तिलांजली’ असं लिहिणाऱ्याने दोन विधी एकाच ताम्हनात कालवलेले असतात.

‘तुळशीपत्र ठेवणे’ सर्वांत भारी. देवाला अर्पण करायच्या वस्तूवर तुळशीचं पान ठेवलं की ती देवाची झाली. नैवेद्याच्या ताटावर ठेवतात ते हेच. म्हणून ‘घरादारावर तुळशीपत्र ठेवून’ कुणी स्वातंत्र्यलढ्यात उतरलं असं आपण म्हणतो. पाणी एखाद्या रकमेवर सोडता येतं, तुळशीपत्र सगळ्या संसारावर. मेगाब्लॉकमुळे कुणी नाटकाच्या तिकिटाच्या पैशांवर पाणी सोडेल, तुळशीपत्र ठेवणार नाही. ज्यांनी खरोखर ठेवलं त्यांच्यासाठी तो शब्द राखून ठेवावा.

‘सोडचिठ्ठी’ आणि ‘काडीमोड’ ही नाती तोडण्याची. पहिलीत कागद आहे, दुसरीत मोडलेली काडी. पक्षाला सोडचिठ्ठी देतात, ‘वर’ नाही. एवढं पुरे.

आता सर्वांत जास्त होणारी चूक. ‘पावसाने शेतकऱ्याच्या कष्टांवर पाणी सोडलं.’ ‘एका चुकीने विद्यार्थ्यांच्या स्वप्नांवर पाणी सोडलं.’ दोन्ही वाक्यं बिघडलेली आहेत. कष्टांवर पाणी ‘पडतं’ किंवा ‘फिरतं’. ओली शाई, गेरूचं लिहिणं, रांगोळी यांवर पाणी पडलं की केलेलं पुसलं जातं. तो अपघात झाला, किंवा दुसऱ्याने केलेलं नुकसान झालं. ‘सोडणे’ला मालक लागतो, आणि ज्याचं आहे त्यानेच सोडायला लागतं. पाऊस माझ्या पिकावरचा हक्क सोडू शकत नाही, कारण पीक पावसाचं नाही. वाक्य लिहून झालं की एवढंच विचारावं : ज्याचं होतं त्यानेच सोडलं का? उत्तर ‘नाही’ आलं तर ‘पडलं’ किंवा ‘फिरलं’ करावं.

दुसरी चूक ‘हार मानणे’च्या अर्थाने पाणी सोडणे वापरण्याची. मराठीत हरण्याचे वाक्प्रचार ढीगभर आहेत आणि त्यांची रचना वेगळी आहे. अधिकाऱ्यापुढे नांगी टाकली. पोरापुढे हात टेकले. कुस्तीत पहिलवानापुढे गुडघे टेकले. या सगळ्यांना ‘पुढे’ लागतं, म्हणजे समोर कुणीतरी उभा लागतो. नांगी विंचवाची : डंख मारायची शेपटी वर उचललेली असते, ती खाली पडली की संपलं. ‘शेपूट घालणे’ कुत्र्याचं. ‘हात टेकणे’त राग कमी आणि थकवा जास्त असतो. आई हट्टी मुलापुढे हात टेकते, शत्रूपुढे कुणी टेकत नाही. ‘गाशा गुंडाळणे’त घोडा आहे : गाशा म्हणजे खोगिरावर टाकायचं कापड, ते गुंडाळून माणूस मुक्काम हलवतो. दुकान, धंदा, दौरा यांचा गाशा गुंडाळतात. यांतल्या एकालाही ‘वर’ लागत नाही. आणि ‘पाणी सोडणे’ला ‘पुढे’ लागत नाही. पाणी सोडताना समोर शत्रू असायची गरज नाही, फक्त आपली वस्तू असावी लागते. हार आणि त्याग यांच्यातली रेघ मराठीने शब्दयोगी अव्ययांनी अशी ओढून ठेवली आहे.

ही रेघ कागदावर बघायची असेल तर मुंबईतल्या फ्लॅटकडे बघावं. वडील गेले, मृत्युपत्र नाही. हिंदू वारसा कायदा १९५६ प्रमाणे पत्नी, मुलगा आणि मुलगी यांना प्रत्येकी एकतृतीयांश वाटा येतो. वडिलांची आई हयात असेल तर तिलाही एक वाटा, म्हणजे चौघांत समान. घरात बसून बहीण म्हणते, ‘मी पाणी सोडलं, दादा, घर तुझंच.’ भाषेच्या दृष्टीने वाक्य निर्दोष आहे. कायद्याच्या दृष्टीने काहीच झालेलं नाही. त्यासाठी हक्कसोडपत्र लागतं. त्याच्या नावातच आपलं क्रियापद आहे.

त्यात कुणाचा किती वाटा, तो कुठून आला, कुणाच्या नावे सोडला, मोबदला घेतला की नाही, हे स्पष्ट हवं. दोन साक्षीदार लागतात. स्थावर मालमत्तेचा हक्क जात असल्याने नोंदणी कायदा १९०८ प्रमाणे दुय्यम निबंधकाकडे नोंदणी सक्तीची आहे, आणि सही झाल्यापासून चार महिन्यांत दस्त नोंदणीला न्यावा लागतो. नुसता स्टँप पेपरवर लिहून नोटरी केलेला कागद पुढे विक्रीच्या वेळी अडतो, आणि तेव्हा बहिणीला पुन्हा बोलवायची वेळ येते. बहिणीने भावाच्या नावे सोडलं तर त्याचे दोन तृतीयांश आणि आईचा एक तृतीयांश. घर ‘दादाचं’ त्याने पूर्ण होत नाही, हे बऱ्याच घरांत उशिरा कळतं. हक्क सहमालकाच्याच नावे सोडता येतो. भाचा किंवा शेजारी सहमालक नसेल तर ते हक्कसोडपत्र होणार नाही, बक्षीसपत्र करावं लागेल आणि मुद्रांक शुल्काचा हिशेबही बदलेल. सोसायटीत नॉमिनी म्हणून नाव लागलं म्हणजे मालकी आली, हा गैरसमज तर घराघरांत आहे. नॉमिनीच्या नावे सोसायटी तात्पुरतं सभासदत्व करून देते, वारसांचे हक्क तसेच राहतात.

आणि सर्वांत महत्त्वाचं : वडील हयात असताना, त्यांच्या स्वकष्टार्जित घरावर मुलीकडून आधीच हक्कसोड लिहून घेतात. ते टिकत नाही. मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२ च्या कलम ६ प्रमाणे पुढे वारसा मिळेल ही नुसती आशा हस्तांतरित करता येत नाही. दानाच्या विधीतलाच हा नियम आहे. ‘न मम’ म्हणण्याआधी ते ‘मम’ असावं लागतं. जे अजून ओंजळीत आलेलं नाही त्यावर पाणी सोडता येत नाही.

इथे एक गोष्ट मनापासून सांगायची आहे. ‘बहिणींनी पाणी सोडलं’ हे वाक्य आपण फार सहज बोलतो. हक्क सोडणं, हक्क सोडायला सांगणं आणि हक्क सोडायला लावणं या तीन वेगळ्या क्रिया आहेत, आणि मराठीकडे तिन्हींसाठी रूपं आहेत. सणाला माहेर तुटेल या भीतीने केलेल्या सहीला ‘सोडलं’ म्हणू नये. भाषेत योग्य रूप असताना सोयीचं रूप वापरणं हा अन्याय झाकण्याचा प्रकार आहे.

संमती हा धागा ‘राजीनामा’ या शब्दातही आहे. राजी अधिक नामा : मी राजी आहे असं लिहून दिलेला कागद. मुंबई इलाख्याच्या जमीन महसुलात जुना खातेदार जमीन सोडताना राजीनामा देई आणि नवा खातेदार कबुलायत, म्हणजे कबुलीचा कागद, लिहून देई. दोन कागद मिळून जमीन एका नावावरून दुसऱ्यावर जाई. पुढे शब्द नोकरी आणि पदाला चिकटला. १९५६ साली मुंबई महाराष्ट्रापासून वेगळी ठेवण्याच्या केंद्राच्या धोरणाविरुद्ध चिंतामणराव देशमुखांनी अर्थमंत्रिपदाचा राजीनामा दिला. ‘देशमुखांनी मंत्रिपदावर पाणी सोडलं’ हे वाक्य वाक्प्रचाराच्या प्रत्येक अटीत बसतं. पद त्यांच्या हातात होतं, कुणी काढून घेत नव्हतं, त्यांनी जाणूनबुजून सोडलं आणि परत मागितलं नाही. ‘देशमुखांनी हार मानली’ हे मात्र खोटं ठरेल. मुलांना ‘वाक्यात उपयोग करा’ शिकवताना हे उदाहरण द्यावं.

सक्तीने सोडण्यासाठी मराठीत ‘सोडावं लागलं’ आहे. तिथे कर्त्याचा ‘ने’ जातो आणि ‘ला’ येतो : ‘त्याने पाणी सोडलं’, पण ‘त्याला पाणी सोडावं लागलं’. घरमालक डिपॉझिट देत नाही, कोर्टात जायला वेळ आणि पैसा नाही, म्हणून भाडेकरू विषय सोडतो. तिथे हेच रूप हवं. निर्णय त्याचाच, पण दुसरा रस्ता उरला नव्हता.

याच्याही पलीकडची एक जागा आहे आणि तिथे हा वाक्प्रचार वापरूच नये. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईतल्या गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. त्याविषयी लिहिताना ‘कामगारांनी नोकऱ्यांवर पाणी सोडलं’ असं वाक्य सहज उमटतं. ते चूक आहे. संप करणारा नोकरी सोडत नाही, काम थांबवतो. नोकरी आपली आहे असं मानतो म्हणून तर संप करतो. संपाला मराठीत स्वतःची क्रियापदं आहेत : संप मागे घेतात, संप मिटतो, संप फोडतात, संप चिरडतात. गिरणी संप अधिकृतपणे कधीच मागे घेतला गेला नाही. लालबाग-परळच्या ज्या घरांत पुढे पगार आला नाही, त्या घरांसाठी ‘सोडलं’ नको आणि ‘सोडावं लागलं’ही नको. तिथे नोकऱ्या ‘गेल्या’ आणि देणी ‘बुडाली’ असंच लिहायला हवं.